जाम बोल्ट: वाचवायचा की कापायचा?

जुन्या ट्रकचे पाटे उतरवायचे ठरले की खर्चाचा अंदाज पाट्यांवरून बांधला जातो, पण दिवस खातात ते बोल्ट. नवा मुख्य पाटा दुकानातून येऊन पडलेला असतो आणि पाट्याचे टोक चेसिसला जोडणाऱ्या शॅकलचा एक बोल्ट सकाळपासून जागचा हलत नाही. मराठवाड्यातल्या मानवतसारख्या गावात ही अडचण किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही. कापसाची जुनी बाजारपेठ, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, जायकवाडीच्या कालव्याने जिल्ह्यात रुजलेला ऊस आणि कल्याण–निर्मळ महामार्ग (आजचा 61, पूर्वीचा 222) यांच्या आधाराने इथली मालवाहतूक चालते. तिच्या जवळच्या खेपा बऱ्याचदा लांब पल्ल्यातून बाद झालेल्या गाड्याच ओढतात. दसऱ्यापासून पुढे हंगाम सुरू झाला की गाडीचा एक दिवस बुडणे म्हणजे एका दिवसाचे भाडे बुडणे. त्यामुळे जाम बोल्टबाबत प्रत्येक गॅरेजचे आपले शास्त्र तयार झाले आहे. कोणाचा विश्वास रॉकेलवर, कोणाचा घणावर, कोणाचा गॅसवर. ही शास्त्रे एकेक करून तपासली तर माझ्या मते त्यांतून एकच गोष्ट हाती लागते: जाम बोल्ट हा मुळात वाचवण्याचा भागच नव्हे. वाचवायचा असतो तो पाटा, त्याला धरणारा ब्रॅकेट, चेसिस आणि अॅक्सलचे हाऊसिंग. हे काम सुरू करण्याआधी ठरले तर हत्यार कोणते उचलायचे ते आपोआप ठरते. नाही ठरले, तर काही शे रुपयांच्या बोल्टपायी ब्रॅकेट फाटतो आणि मग चेसिसवर वेल्डिंगची ठिगळे चढू लागतात.

आधी बोल्ट जाम का होतो ते पाहू, कारण उपायांची निम्मी भांडणे कारण न पाहिल्यामुळेच होतात. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज धरतो, आणि तो मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची. तिथे फुगणाऱ्या गंजाला जायला जागाच नसते, म्हणून तो दोन्हीकडून दाबत बसतो. कोकणात खारी हवा आहे, थंड देशांत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. मराठवाड्यात यातले काहीच नाही, मग इथले बोल्ट का गंजावेत, असे विचारले जाते. एक उत्तर ट्रकच्या हौद्यात आहे. शेतकरी ज्याला नुसते पोटॅश म्हणतो ते म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. समुद्राच्या मिठात जो क्लोराइड लोखंडाला खातो, तोच यात आहे. फाटक्या पोत्यातून सांडलेले खत फळ्यांच्या फटींतून चेसिसवर पडते, हवेतली ओल ओढून घेते आणि तिथेच राहते. दुसरे उत्तर काळ्या मातीत आहे. ही माती पाणी धरून फुगते, आणि एकदा का पाटे हाऊसिंगला आवळणाऱ्या यू-बोल्टच्या बुडाशी, पाट्यांच्या बैठकीवर तिचा थर बसला की वरून कोरडी दिसत असतानाही आतून ती बराच काळ ओली राहते. उसाचा रस आणि मळी आंबून आम्ल होतात, तो भाग वेगळा. याच्या जोडीला धुलाई आहे. जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने गाडी चकचकीत होते खरी, पण उरलेसुरले ग्रीस निघून जाते आणि पाणी नेमके जिथे जाऊ नये तिथे शिरते.

जाम होण्याचे प्रकार दोन आहेत आणि त्यांची सरमिसळ करणे हीच सर्वांत महाग चूक. पहिल्या प्रकारात आटे जाम होतात, म्हणजे नट फिरत नाही. दुसऱ्यात नट सहज निघतो, पण बोल्टचा दांडा आतल्या लोखंडी नळीला धरून बसलेला असतो. रबरी बुश असलेल्या गाड्यांत पाट्याच्या टोकाच्या गोल वळीत बुश, बुशच्या पोटात पोलादी नळी आणि नळीतून बोल्ट अशी रचना असते. दांडा या नळीला चिकटला की डोके फिरवल्यावर नळीही सोबत फिरते आणि रबर पिळले जाते. फिरतोय म्हणून माणूस खूश होतो, पण पाना सोडला की बोल्ट रबरासारखा मागे येतो. ही खूण ओळखावी आणि तिथेच थांबावे. जुन्या अवजड गाड्यांत रबराऐवजी धातूचे बुश आणि ग्रीस निपल असलेली शॅकल पिन असते. तिथे तिसरीच गत होते: पिनेतली ग्रीसची वाट वाळलेल्या ग्रीसने आणि मातीने बुजते, ग्रीसगन निपलवर लावली की ग्रीस बाहेरच्या बाहेर ओघळते, आणि आत पिन कोरडी घासत राहते. ग्रीस मारले असे वहीत लिहिले जाते, पिनेपर्यंत मात्र त्यातला थेंबही पोचलेला नसतो. निपल बदलून, वाट तारेने मोकळी करून पुन्हा ग्रीस भरले तर अशी पिन कित्येकदा काहीही न तोडता सुटते, पण सगळ्यात साधा असूनही हा उपाय सर्वांत शेवटी आठवतो.

आता जोराचे पाहू, कारण जोरावरची श्रद्धा आपल्याकडे फार. पान्याला नळी जोडली की हात लांबतो आणि जोर वाढतो, हे सगळ्यांनाच ठाऊक असते. बोल्ट किती सोसतो याचा हिशेब मात्र कोणी करत नाही. डोक्यावर 8.8 असा शिक्का असलेल्या बोल्टचे पोलाद दर चौरस मिलिमीटरला सुमारे 800 न्यूटनपर्यंत ताण सोसते. 16 मिलिमीटर जाडीचा असा बोल्ट नुसता पिळला तर साधारण 250 ते 300 न्यूटन-मीटरला तुटतो. सत्तर किलोचा माणूस एक मीटर लांब नळीच्या टोकावर लटकला की जवळपास 690 न्यूटन-मीटर होतात, म्हणजे बोल्टच्या सहनशक्तीच्या दुपटीहून जास्त. तेव्हा नळी लावून गंज सुटतो की बोल्ट तुटतो, हा निव्वळ नशिबाचा भाग उरतो. त्यातही गंजाने दांडा बारीक झालेला असेल तर नशिबालाही फारसा वाव नाही. बोल्ट तुटण्याचे दुःख नाही, तो कापायचाच होता असे मी म्हणतोच आहे. दुःख तो ब्रॅकेटच्या आत, नको त्या जागी तुटण्याचे आहे. तुटलेल्या तुकड्याला मधोमध भोक पाडणे, तेही गाडीखाली आडवे पडून, हे काम ज्याने केले आहे तो पुन्हा नळीला हात लावताना विचार करतो. जोर लावायचाच तर थोडा आवळून मग सोडावा, पुन्हा आवळावा, पुन्हा सोडावा. गंजाचा थर ठिसूळ असतो, एकाच दिशेच्या सलग ताणापेक्षा उलटसुलट हालचालीने आणि डोक्यावर बसणाऱ्या टोल्यांनी तो लवकर भुगा होतो. हवेवर चालणारा इम्पॅक्ट पाना नळीपेक्षा कमी बोल्ट मोडतो, त्याचेही कारण हे टोलेच.

तेलाबद्दल मतभेद अधिक आहेत आणि गैरसमजही. रॉकेल, डिझेल, ब्रेक ऑइल, बाजारातले फवारे, गिअरचे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन तेल आणि अॅसिटोन यांचे निम्मेनिम्मे मिश्रण, प्रत्येकाचे भक्त आहेत. डब्ल्यूडी-40 हा फवारा 1953 साली अमेरिकेत सॅन डिएगोत तयार झाला तो पृष्ठभागावरचे पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. जाम आटे सोडवणे हे त्याचे मूळ काम नव्हते. अॅसिटोनचे मिश्रण पातळ होते हे खरे, पण अॅसिटोन आणि तेल नीट एकजीव होत नाहीत आणि अॅसिटोन झटकन उडून जाते, शिवाय ते भडकते. माझ्या मते कोणते तेल हा प्रश्नच दुय्यम आहे. आधी तारेच्या ब्रशने उघडे आटे स्वच्छ केले का, आणि तेलाला एक रात्र दिली का, यावर निकाल ठरतो. मातीच्या थरावर ओतलेले तेल मातीच पिते. आणि दांडा जाम असेल तर कोणतेच तेल फारसे उपयोगी नाही, कारण पाट्याच्या रुंदीइतक्या लांब नळीत ते दोन टोकांकडून मधोमध पोचेपर्यंत हंगाम उलटेल.

उष्णतेला मात्र शास्त्राचा आधार पक्का आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर बोलायला हवे. पोलाद दर अंशाला लाखात सव्वा भागाच्या आसपास पसरते. 20 मिलिमीटरच्या नटाचे छिद्र 300 अंशांनी तापवले तर ते सुमारे 0.07 मिलिमीटरने मोठे होते. ऐकायला हे क्षुल्लक वाटते, पण आट्यांतली फटही मुळात लहानच असते. अट एकच: नट तापला पाहिजे आणि बोल्ट तुलनेने थंड राहिला पाहिजे. दोन्ही सारखे लाल केले तर दोन्ही सारखेच पसरतात आणि कष्ट वाया जातात. नट तापवून गार होऊ दिला तरी गंजाचा थर तडकतो आणि मग तेल आत खेचले जाते. लाल भडक करण्याची गरज बहुतेक वेळा नसतेच. स्वच्छ घासलेल्या पोलादावर निळसर झाक आली की तापमान 300 अंशांच्या आसपास असते, अंधारात मंद लाल दिसू लागले की साडेपाचशेच्या पुढे. 8.8 आणि 10.9 प्रतीचे बोल्ट कठीण करून पुन्हा तापवून, म्हणजे पाणी देऊन, बनवलेले असतात. त्यांचे हे तापवणे 425 अंशांच्या वर झालेले असते. त्याहून जास्त तापले की बोल्टची ताकद उतरते. म्हणून लाल करून काढलेला बोल्ट पुन्हा बसवणे हा शुद्ध अविचार आहे, कितीही सरळ दिसो. हेच पाट्याला लागू होते, आणि जास्तच. पाट्याचे पोलाद लवचिक ठेवण्यासाठी नेमके पाणी दिलेले असते. शॅकलचा बोल्ट तापवताना गॅसची ज्योत मुख्य पाट्याच्या वळीवर दोन मिनिटे खेळली, तर वळीजवळचा पट्टा मऊ पडतो. पाटा त्या दिवशी तुटत नाही. तुटतो तो पुढे कधीतरी, भरल्या गाडीत, आणि तेव्हा दोष पाटा बनवणाऱ्याला जातो.

मानवतमध्ये ज्योतीचा आणखी एक धोका आहे जो कोणत्याही परदेशी मार्गदर्शिकेत सापडणार नाही. इथल्या ट्रकच्या चेसिसवर कापसाचे तंतू असतात. मोकळा कापूस, सरकी, गठाणी वाहून वाहून हे तंतू ब्रॅकेटच्या आत, पाट्यांच्या टोकांवर, ब्रेकच्या नळ्यांभोवती साचतात आणि ग्रीसमध्ये भिजून नमद्यासारखे घट्ट होतात. ग्रीसमध्ये भिजलेला कापूस म्हणजे वातच. त्यावर ग्राइंडरची ठिणगी पडली तर ज्वाळा लगेच दिसत नाही. ठिणगी आत धुमसत राहते आणि मिस्त्री जेवायला गेल्यावर पेटते. त्यात गाडी जिनिंगच्या आवारातच दुरुस्त करण्याची घाई असते, शेजारी कापसाचे ढीग. अशा आवारात गॅस किंवा ग्राइंडर चालवूच नये, गाडी ओढून बाहेर न्यावी. बाहेरही आधी तंतू खरवडून काढावेत, डिझेल टाकी आणि ब्रेकची रबरी नळी ओल्या गोणपाटाने झाकावी आणि काम संपल्यावर तासभर तिथे कोणीतरी थांबावे. विजेवर चालणारे इंडक्शनचे तापवणारे वेटोळे आता मिळते. ते ज्योतीशिवाय नुसता नट तापवते. महाग आहे, पण कापसाच्या गावात निदान मोठ्या गॅरेजने तरी ते घ्यायला हरकत नाही.

तर मग कापणेच बरे का? माझ्या मते दांडा जाम असेल तर होय, आणि पहिल्या तासातच. पाट्याची वळी आणि शॅकलची पट्टी यांच्यामधल्या फटीत पातळ चकती घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापला की पाटा मोकळा होऊन खाली येतो आणि उरलेला तुकडा बुशसकट बाकावर प्रेसने काढता येतो. रबरी बुश तसाही बदलायचाच असतो. धोका आहे तो वेगळ्या जागी. पाट्यांच्या कमानीत ताण भरलेला असतो, म्हणून चेसिस घोडीवर आणि हाऊसिंग जॅकवर स्वतंत्रपणे पेलल्याशिवाय एकही बोल्ट कापू नये. मधला सेंटर बोल्ट काढताना तर पाट्यांचा गठ्ठा आधी शिकंज्यात आवळलाच पाहिजे, नाहीतर पाटे उसळतात. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरण्याची सवय इतकी सार्वत्रिक आहे की तिच्याविषयी लिहिणेही जुनाट वाटते.

यावर पहिला आक्षेप येतो तो मालाच्या प्रतीचा. जुना बोल्ट अस्सल होता, नवा डुप्लिकेट मिळेल, तेव्हा जुनाच घासूनपुसून लावलेला बरा. नव्या मालाबद्दलची शंका रास्त आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा. ज्या बोल्टच्या डोक्यावर प्रतीचा आकडा आणि बनवणाऱ्याची खूण नाही तो मऊ लोखंडाचाच समजावा आणि पाट्यांच्या कामात घेऊ नये. एवढी तपासणी मानवतच्या दुकानात काउंटरवर उभ्या उभ्या करता येते. बोल्टसाठी भारतीय मानक 1367 आहे आणि त्यात हे शिक्के ठरवून दिलेले आहेत. उलट जुन्या बोल्टची प्रत आज काय उरली आहे हे डोळ्यांनी कळत नाही. गंजाने खाल्लेल्या खड्ड्यांतून भेगा सुरू होतात आणि दर खड्ड्याला, दर गतिरोधकाला त्या पुढे सरकतात. यू-बोल्ट तर एकदा काढले की पुन्हा वापरू नयेत, असेच पाटे बनवणारे सांगतात, कारण आवळताना ते ताणलेले असतात आणि त्यांचे आटे नव्या जागी तसेच बसत नाहीत. खरेदीत आणखी एक गोष्ट सांभाळावी. 16 मिलिमीटर आणि पाच अष्टमांश इंच यांत फरक फक्त 0.125 मिलिमीटरचा, पण आटे वेगळे. इंची नट मिलिमीटरच्या बोल्टवर दोन-तीन वेढे चढतो, मग अडतो, आणि जोर लावला की तिथेच जाम होतो. नवा बोल्ट पहिल्याच दिवशी जाम झाला तर गंजाला दोष देता येणार नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. गाडी पंधरा वर्षांची, उद्या भंगारात जाईल. तिच्यावर नवे बोल्ट, टॉर्क पाना हे चोचले कशाला? पण तीच गाडी आज भरून चालते आहे. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते ते याचसाठी. शिवाय जुलै 2018 मध्ये केंद्राने चार टायरच्या एका अॅक्सलवरची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन केली, आणि गाडी जुनी असो की नवी, लादताना हाच आकडा बोलला जातो. नियम बदलल्याने पंधरा वर्षांपूर्वीच्या ब्रॅकेटचे पोलाद जाड होत नाही. जुन्या गाडीत सुटे भाग वाकलेले, छिद्रे वाढलेली असतात, म्हणून तिथे बोल्टची पकड नव्या गाडीपेक्षाही महत्त्वाची ठरते. एसटीचे आगार ठरलेल्या अंतराला देखभाल करते आणि मोठी कामे दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांकडे जातात. एका ट्रकच्या मालकामागे अशी यंत्रणा नाही, हे मान्य. त्याच्यामागे मिस्त्री असतो, आणि मिस्त्रीचे बिल फक्त काढण्याच्या कष्टांवर ठरते, बसवण्याच्या काळजीवर ठरत नाही. रोगाचे मूळ मला इथे दिसते.

कारण पुढचा बोल्ट जाम होणार की नाही हे बसवतानाच ठरते. नळी आणि दांडा यांच्यामध्ये पातळ ग्रीस किंवा तांब्याचे अँटी-सीझ लावले तर गंजाला जागाच उरत नाही. याला विरोध असा की तेलकट आट्यांवर नट सैल पडतो. नट सैल पडत नाही, उलट जास्त आवळला जातो. आवळण्याच्या जोरातला सुमारे 90 टक्के भाग घर्षणात जातो आणि जेमतेम दहावा भाग बोल्ट ताणण्यासाठी उरतो. घर्षण कमी केले की तेवढ्याच जोरात ताण वाढतो. म्हणून कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्कचा आकडा वंगण लावल्यावर कमी करावा लागतो, किंवा वंगण फक्त दांड्याला लावून आटे पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ठेवावे लागतात. माझा कौल दुसऱ्या पद्धतीला, कारण ती चुकण्याची शक्यता कमी. नट सुटू नये म्हणून त्याला वेल्डिंगचा टाका मारण्याची सवय मात्र ताबडतोब सोडावी. टाक्याने नट सुटत नाही, पण बोल्टचे पाणी तिथेच उतरते, आणि पुढच्या वेळी गॅसशिवाय तो निघणार नाही याची सोय आपणच करून ठेवतो. रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकून कमान आपल्या वजनाने बसल्यावर शेवटचा आवळा द्यावा, नाहीतर रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत अडकते आणि लवकर फाटते.

यू-बोल्टचे काम त्याहून वेगळे. हाऊसिंग आणि पाटे जागच्या जागी राहतात ते यू-बोल्टच्या दाबाने. सेंटर बोल्ट फक्त पाटे एका रेषेत ठेवतो, भार पेलणे हे त्याचे काम नाही. यू-बोल्ट सैल झाले की सगळा मार सेंटर बोल्टवर येतो, तो कापला जातो, किंवा पाटे नेमके मधल्या छिद्राशी तुटतात. त्यामुळे छिद्राशी तुटलेला पाटा पाहून नुसता पाटा बदलणाऱ्याने खरे दुखणे पाहिलेलेच नसते. नवे यू-बोल्ट पहिल्या काही खेपांत थोडे बसतात, रंग आणि गंजाचे थर दबतात, आणि ताण उतरतो. म्हणून पहिल्या भरल्या खेपेनंतर आणि पुन्हा हजारेक किलोमीटरनंतर ते आवळावे लागतात. हे काम वीस मिनिटांचे आहे आणि ते कोणत्याच बिलात नसते. मालकाने ते बिल ठरवतानाच मागून घ्यावे, आणि मिस्त्रीने त्याचे पैसे न लाजता लावावेत.